फलकापाशी चौदा सेकंद

धुळ्याच्या आमच्या घराच्या दारावर 'वृंदा-श्रीरंग' एवढीच पाटी होती. आडनाव नाही. लग्न झालं तेव्हा मी हट्टाने ती तशी करून घेतली होती, आणि पुढची वीस-बावीस वर्षं कोणी विचारलं की त्यामागचं तत्त्व समजावून सांगायला मला फार आवडायचं. कुरियर घेऊन येणाऱ्यालासुद्धा मी ते उन्हात उभं करून सांगितलेलं आहे. माझं आडनाव उपासनी. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि संविधान दिनाचं भाषण दर वर्षी माझ्याचकडे असतं. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला लपायला जागा उरणार नाही.

त्या वर्षी वृंदाच्या बँकेने तिची नाशिकला बदली केली. आमच्या संस्थेचं नाशिकलाही कॉलेज असल्यामुळे मीही बदली मागून घेतली. मुलगी मुक्ता अठरा पूर्ण झालेली, तिला तिथेच आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. उरले माझे वडील, दादा. वय एकोणऐंशी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरी बसून डायलिसिस करायची यंत्रं आता निघाली आहेत, पण दादांचं हृदय अशक्त, त्यामुळे डॉक्टरांनी केंद्रातच यायचं असं बजावलं होतं. म्हणजे प्रश्न साधा होता. नाशिकच्या भोवती दहा वर्षांत पाच-सहा नवी उपनगरं उठली होती, त्यांपैकी कुठल्या उपनगरात चौघांनी राहायचं?

खरं तर उत्तर तयारच होतं. मिलिंद साळवे हा माझा तेवीस वर्षांचा मित्र. रसायनशास्त्राचा प्राध्यापक. धुळ्याच्या कॉलेजात आमची टेबलं शेजारी होती, आणि मुक्ता जन्मली तेव्हा पेढे मी नाही, त्याने वाटले होते. दोन वर्षांपूर्वी तो बदली घेऊन नाशिकच्या पिंपळटेक नावाच्या उपनगरात राहायला गेला. त्याच्या अगदी शेजारचा फ्लॅट रिकामा होत होता. मालक परदेशी निघाले होते आणि घर ओळखीच्याच माणसाला द्यायचं म्हणत होते.

"रंगा, डायलिसिस केंद्र आमच्या खालच्या चौकात आहे," मिलिंद फोनवर म्हणाला. "दादांना हात धरून चालत नेता येईल. महिनाअखेरपर्यंत थांबतील मालक. तुला अजून काय पाहिजे, समुद्र?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. पण संख्याशास्त्राचा मास्तर पडलो. केवळ मित्र म्हणतो म्हणून घर घेणं मला अशास्त्रीय वाटलं. मी 'ठाव'कडे नाव नोंदवलं.

'ठाव' ही घर बदलणाऱ्यांना उपनगर सुचवणारी सेवा. तिचं तत्त्व असं, की माणसाला काय हवं ते त्याला विचारू नये. माणूस बाग हवी म्हणतो आणि प्रत्यक्षात पार्किंग बघत राहतो. म्हणून तुम्हाला ते एक हलका चष्मा देतात आणि बोटात एक अंगठी. आपली नजर पाण्यासारखी वाहत नाही, ती उड्या मारते. एका जागी पाव सेकंद टेकते, मग दुसरीकडे. ही टेकण्याची प्रत्येक जागा चष्मा टिपतो. त्याच वेळी डोळ्याची बाहुली किती मोठी झाली तेही मोजतो, आणि उजेडामुळे पडणारा फरक त्यातून वजा करतो. मन सावध झालं की बाहुली मोठी होते, बोटांना किंचित घाम येतो, नाडी बदलते. हे सगळं आपल्या हातात नसतं.

मग दोन दिवस तुम्हाला उपनगरांतून फिरवतात. प्रत्येक ठिकाणी तुम्ही शेकडो गोष्टी पाहता: जिने, दुकानं, कुत्री, वाळत घातलेले कपडे. कुठली गोष्ट दिसल्यावर तुमचा कल कुठे झुकला याचा हिशेब यंत्र मांडतं आणि प्रत्येक गोष्टीला एक भार देतं. या भारांवरून क्रमवारी लागते. तोंडी आवडीनिवडींवरून घर घेतलेली माणसं तीन वर्षांत पुन्हा हलतात आणि चष्म्यावरून घेतलेली टिकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची आकडेवारी मी स्वतः तपासली. पद्धत चोख होती.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. माणसाच्या आयुष्यातला मोठा निर्णय यंत्राने सुचवला, तर त्याची कारणं त्या माणसाला त्याच्या भाषेत मिळाली पाहिजेत, असा कायदा आता झाला आहे. त्यामुळे क्रमवारी प्रत्येकाच्या यादीसकट सगळ्या कुटुंबाला मिळते, पण प्रत्येक प्रौढ माणसाला त्याचं स्वतःचं कारणपत्रक वेगळं येतं. ते फक्त त्यालाच उघडता येतं.

आम्ही चौघे चष्मे लावून शनिवार-रविवार फिरलो. दादांना तो चष्मा इतका आवडला की परत देताना त्यांनी दोनदा विचारलं, "हा ठेवून घेता येत नाही का?" पिंपळटेकला मिलिंदच्या घरी जेवलो. त्याची बायको सुनंदा हिने दादांच्या पथ्याचं वेगळं, अळणी वरण केलं होतं. परतताना सगळेच खुशीत होते, मीसुद्धा. अगदी शपथेवर सांगतो, मीसुद्धा.

बुधवारी क्रमवारी आली. पहिलं नाव गोविंदबाग. पिंपळटेक तिसरं.

वृंदाने टॅबवर बोट ठेवून वाचलं. "माझ्या यादीत पिंपळटेक पहिलं आहे. दादांच्याही. मुक्ताच्या दुसरं." मग तिने मान वर केली. "तुमच्या यादीत सगळ्यात शेवटी आहे. असं कसं हो?"

"बघतो," मी म्हणालो आणि गॅलरीत जाऊन माझं कारणपत्रक उघडलं.

कारण क्रमांक एक. भार सदतीस टक्के. प्रवेशद्वारातील नावांचा फलक.

मला हसू आलं. प्रत्येक सोसायटीत लिफ्टजवळ रहिवाशांच्या नावांचा फलक असतो. लिफ्टची वाट बघताना माणूस तो वाचतोच. पण खाली तपशील होता. 'फलकावर आपली नजर सरासरी चौदा सेकंद थांबली. बागेवर तीन. डायलिसिस केंद्राच्या दारावर दोन.' त्याखाली लिहिलं होतं, की फलकावरची नावं वाचताना माझ्या शरीराचा प्रतिसाद दोन तऱ्हांचा होता, आणि त्यावरून यंत्राने नावांचे दोन गट केले आहेत. यंत्राला त्या नावांचा अर्थ माहीत नव्हता. त्याने फक्त माझी बाहुली आणि माझा घाम पाहिला होता.

मी दोन्ही गट उघडले. पहिल्या गटातली नावं वाचताना माझं शरीर सैल होतं. दुसऱ्या गटातल्या नावांना आवळलेलं. माझी आत्या लोकांची लग्नं जुळवायची. तिला ही नावं दिली असती तर तिने अगदी असेच दोन ढीग केले असते. एकही नाव इकडचं तिकडे झालं नव्हतं.

दुसऱ्या गटात वरून चौथं नाव होतं साळवे.

माझे कान तापले. मी आजूबाजूला पाहिलं, गॅलरीत कोणी नव्हतं, तरी मी टॅब छातीशी धरला. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. वर्गात मी मुलांना शिकवतो, की एक गोष्ट बदला आणि बाकी सगळं तसंच ठेवा, मग बोला. 'ठाव'मध्ये तशी सोय होती. मी पिंपळटेकच्या फलकावर गोविंदबागेतली नावं बसवून पाहिली. हवा, रस्ते, केंद्र, सगळं तेच. पिंपळटेक माझ्या यादीत पहिलं आलं. मग उलटं केलं. गोविंदबाग शेवटी गेली. मी थकवा धरून पाहिला, लिफ्टमधला अंधार धरून पाहिला, पिंपळटेकला पोचलो तेव्हा भूक लागली होती तेही घातलं. यंत्राने ते सगळं आधीच वजा केलेलं होतं. एखाद्या विद्यार्थ्याने हा निकाल माझ्यासमोर ठेवला असता तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

आत गेलो तर तिघेही माझ्याकडे बघत होते.

"पाणी," मी म्हणालो. "पिंपळटेकच्या पाण्याचं काहीतरी दिसतंय. यंत्राला ते जाणवलं असावं."

वृंदा म्हणाली, "पण आपण तिथे पाणी प्यालो की. चांगलं होतं."

"चवीवरून कळत नाही ते."

मुक्ता नखं खात बसली होती. दादांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग गोविंदबागच घ्या. केंद्र चाळीस मिनिटांवर आहे ना? गाडीत बसायचं तर असतं. त्याला काय ताकद लागते?" डायलिसिसहून आल्यावर दादांना सोफ्यापासून बाथरूमपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं. ते मला सांभाळून घेत होते. मी ते घेऊ दिलं.

मिलिंदलाही फोनवर तेच सांगितलं. "पाणी?" तो म्हणाला. "बरं. बघतो मी."

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी गोविंदबागेतलं घर पक्कं करायला मी एकटाच नाशिकला गेलो. मिलिंदने आधी इकडे ये म्हणून निरोप ठेवला होता. टाळता येईना. गेलो तर त्याच्या जेवणाच्या टेबलावर बाटल्यांच्या रांगा. प्रत्येकीवर सुनंदाच्या अक्षरात चिठ्ठी: तारीख, वेळ, स्वयंपाकघर, टाकी, शेजारचा फ्लॅट.

"नऊ दिवस, रोज तीन वेळा," मिलिंद म्हणाला. तो इतका खूश होता की त्याने मला बसही म्हटलं नाही. "कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी स्वतः तपासलं, विद्यार्थ्यांवर नाही सोडलं. हे क्षार बघ, हे क्लोरीन. आणि तू म्हणालास ते अगदीच खोटं नव्हतं, टाकीत गाळ होता. सेक्रेटरीशी भांडून टाकी उपसून घेतली. सुनंदाने दोन दिवस बादल्या भरून काढले. आता बोल!"

"आता दादांना काहीच भीती नाही," सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी केंद्रात जाऊन पथ्याचा कागदपण आणलाय. बसा भाऊजी, चहा टाकते."

"बरं झालं तू बोललास," मिलिंद म्हणाला. "किडनीच्या माणसाला पाण्याचं बघायलाच पाहिजे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

त्याने माझे आभार मानले. ते मला सहन झालं नाही. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. मी खिशातून फोन काढला, कारणपत्रक उघडलं आणि त्याच्या हातात दिलं.

"पाण्याचं मी खोटं बोललो," मी म्हणालो. "हे खरं आहे."

मिलिंदने चष्मा वर सरकवला आणि उत्तरपत्रिका वाचतात तसं सावकाश वाचलं. एकदा वाचून पुन्हा वर गेला. दुसरा गट उघडला. त्याचं बोट वरून खाली आलं आणि चौथ्या नावावर थांबलं. सुनंदाची चाहूल लागली तसा त्याने फोन पालथा घातला.

तिने चहा ठेवला, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि आत गेली.

"तिला तू सांगू नकोस," तो हळू म्हणाला. "मी सांगेन. मला जमेल तेव्हा."

"तुला माहीत असेलच म्हणा," मी म्हणालो. कुठेतरी मला तशी आशा होती. त्याला आधीपासून कळलेलं असतं आणि त्याने मला तसाच चालवून घेतलेलं असतं, तर माझं ओझं अर्धं झालं असतं.

"नव्हतं रे माहीत," मिलिंद म्हणाला. "लोकांचं कळतं मला. घर बघायला गेलो की दार उघडणाऱ्याच्या तोंडावर कळतं. आणि फलक मीपण वाचतो, रंगा. दोन वर्षांपूर्वी नाशिकला आलो तेव्हा प्रत्येक ठिकाणी आधी फलक वाचला. आपलं कोणी आहे का बघायचं. नसलं तर पुढे जायचं की नाही ते ठरवायचं. हे असं सगळीकडे. फक्त तुझ्या घरी येताना मी हे सोडून दिलं होतं."

मी म्हणालो, "मिलिंद, हे मी ठरवून केलेलं नाही. डोळ्याची बाहुली माणसाच्या हातात नसते."

"मान्य," तो म्हणाला. "बाहुलीचं तू ठरवलं नाहीस. पाण्याचं तू ठरवलंस."

टेबलावरच्या नऊ दिवसांच्या त्या सगळ्या बाटल्यांकडे मी बघत राहिलो. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात सुनंदाने 'दादांसाठी' असं लिहिलं होतं. कशासाठी तपासतोय ते प्रयोगशाळेत कोणी विचारलं तर सांगता यावं, म्हणून.

पालथा फोन माझ्याकडे सरकवत मिलिंद म्हणाला, "मालकांना मी हो म्हणून कळवतो. दादांनी चाळीस मिनिटं का म्हणून जायचं? पहिल्या दिवशी त्यांना केंद्रात मी नेणार, ते त्यांचं आणि माझं ठरलंय."

"आणि आपलं?"

"आपलं मला आत्ता काही सांगता येत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. तो थकलेला होता. "तू ये राहायला. पण आल्या आल्या पहिल्यासारखा माझ्या घरात घुसू नकोस. मला जरा वेळ लागेल."

मी चहा संपवला. तो गार झाला होता तरी संपवला, कारण तो सोडून उठणं मला जमलं नाही. दारापर्यंत मला पोचवायला सुनंदा आली. मिलिंद बाटल्या आवरत राहिला.

धुळ्याला पोचलो तेव्हा चारची वेळ होती. तिघेही घरात होते. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सदतीस टक्के, दोन गट, चौथं नाव, पाणी, बाटल्या. मध्ये थांबलो असतो तर पुढचं गाळलं असतं, म्हणून थांबलो नाही.

वृंदा म्हणाली, "दादा चाळीस मिनिटं जायला तयार झाले, आणि तुम्ही ते ऐकून गप्प बसलात." ती एवढंच बोलली. ती कुठल्या गोष्टीवर बोट ठेवेल हे मला प्रवासभर माहीत होतं.

दादांनी विचारलं, "मिलिंदला आधी सांगितलंस की आम्हाला?"

"त्याला."

"हं," दादा म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्या वडिलांनी माझ्याकडे पाठ केलेली मी यापूर्वी पाहिली नव्हती.

मुक्ता उठून तिच्या खोलीत गेली. मला वाटलं, आता हिचं दार धाडकन लागणार. ते योग्यच होतं. संविधान दिनाच्या माझ्या भाषणांना ती लहानपणापासून पहिल्या रांगेत बसत आली होती. पण ती परत आली. हातात तिचा टॅब होता, आणि तिचे डोळे लाल होते. रडणं आत्ताचं नव्हतं, बऱ्याच दिवसांचं होतं.

तिने टॅब माझ्यापुढे धरला. तिचं कारणपत्रक. कारण क्रमांक तीन. भार अकरा टक्के. प्रवेशद्वारातील नावांचा फलक.

"क्रमवारी आली त्या बुधवारपासून माझ्याकडे आहे हे," ती म्हणाली. "मी कोणाला दाखवलं नाही. मला वाटलं, आपल्या घरात हे फक्त माझ्यातच आहे. बाबांना कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल, त्यांनी आपल्याला असं वाढवलं आणि आपण अशा निघालो. तुम्ही पाणी म्हणालात ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. वाटलं, बाबांचं कारण तरी चांगलं आहे."

मी तिच्या हातातून टॅब घेतला. तिचेही दोन गट केलेले होते. ते मी उघडले नाहीत.

"मी काकूंच्या हातचं जेवत मोठी झाले," मुक्ता म्हणाली. "मिलिंदकाकांनी मला सायकल शिकवली. शाळेत, घरात, मला कधीच कोणी असं काही सांगितलं नाही. उलट तुम्ही नेहमी उलटंच सांगितलं. मग हे माझ्यात आलं कुठून?"

माझ्याकडे बरंच सांगण्यासारखं होतं. समाज, संस्कार, नकळत होणारं शिकणं, लहान मूल मोठ्यांची नजर कुठे थांबते ते कसं टिपतं, यावर मी पाऊण तास बोलू शकतो. वृंदा माझ्याकडे बघत होती. दादांनीही मान वळवली होती.

"माझ्याकडून," मी म्हणालो.